साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (२४ डिसेंबर, इ.स. १८९९ : पालगड, रत्नागिरी जिल्हा – ११ जून, इ.स. १९५० : मुंबई) हे मराठी कवी, कथाकार, अनुवादक, शिक्षक आणि स्वातंत्र्यसैनिक होते. 'श्यामची आई' हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक होय. 'पत्री' हा त्यांचा कवितासंग्रह असून त्यांनी लिहिलेली एक प्रार्थना महाराष्ट्रातील असंख्य शाळांमध्ये म्हटली जाते. शाळेतील शिक्षक म्हणून त्यांनी इ.स. १९२४ ते १९३० अशी सहाच वर्षे काम केले. तरीही 'गुरुजी' ही त्या काळातली ओळख त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. त्यांनी काय वाचावे, कशाचा अनुवाद करावा आणि कोणत्या भाषेत लिहावे, हे पुढील वीस वर्षे बऱ्याच अंशी अमळनेरच्या छात्रालयातील मुलांनी लावलेल्या सवयींनी ठरवले. त्यांच्या साहित्याचे बळ आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप, या दोहोंचे मूळ याच सवयींमध्ये सापडते.

बालपण आणि शिक्षण

साने यांचा जन्म दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. वडील सदाशिवराव हे खोताच्या घराण्यातील होते. वाटण्या, कर्ज आणि कोर्टकज्जे यांमुळे घराची आर्थिक स्थिती खालावत गेली आणि पांडुरंगाचे बालपण ओढगस्तीत गेले. आई यशोदाबाई यांचा त्यांच्यावर फार मोठा प्रभाव होता. स्तोत्रे, ओव्या, कहाण्या आणि रोजच्या व्यवहारातील लहानसहान प्रसंग यांतून तिने मुलाला घडवले. पुस्तकाशिवाय आणि वर्गाशिवाय चालणारे शिक्षण त्यांनी प्रथम घरातच पाहिले.

प्राथमिक शिक्षणानंतर ते दापोलीच्या इंग्रजी शाळेत गेले. शालेय वयातच त्यांना जुन्या मराठी कवितेची गोडी लागली व ते पद्यरचना करू लागले. घरून खर्च झेपेना, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची सोय होऊ शकेल या आशेने ते औंध संस्थानात गेले. तेथेही फार काळ राहता आले नाही. पुढे पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून इ.स. १९१८ साली ते मॅट्रिक झाले. त्याआधीच, इ.स. १९१७ साली आईचे निधन झाले. शिक्षणासाठी दूर राहिल्यामुळे तिच्या अखेरच्या क्षणी जवळ असता आले नाही, ही खंत त्यांना जन्मभर राहिली.

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून (नंतरचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय) त्यांनी बी.ए. पदवी घेतली. त्यानंतर तत्त्वज्ञान विषय घेऊन ते मुंबई विद्यापीठाची एम.ए. परीक्षा उत्तीर्ण झाले. विद्यार्थिदशेत त्यांनी उपासमार, दुसऱ्याच्या घरी जेवण्याचा संकोच आणि आजारपणातले एकटेपण अनुभवले होते. छात्रालयातील मुलांकडे पाहताना हाच अनुभव त्यांच्या कामी आला.

अमळनेर : तत्त्वज्ञान मंदिर ते शाळा

पूर्व खानदेशातील अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने इ.स. १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था स्थापन झाली होती. तरुण अभ्यासकांनी तेथे राहून भारतीय व पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे अध्ययन करावे, अशी योजना होती. साने काही काळ तेथे अभ्यासक म्हणून राहिले. ग्रंथ, निवांतपणा आणि चर्चेसाठी विद्वान मंडळी, अशी विद्याव्यासंगाला अनुकूल परिस्थिती तेथे होती. हा मार्ग पुढे चालू राहिला असता, तर ते कदाचित तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले असते.

जून १९२४ मध्ये त्यांनी अमळनेरच्याच खानदेश शिक्षण संस्थेच्या माध्यमिक शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली. ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल या नावाने ओळखली गेली. एका गावातील दोन संस्थांमधला हा बदल त्यांच्या वाचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. तत्त्वज्ञान मंदिरात ग्रंथ समजून घेणे पुरेसे होते. शाळेत मात्र समजलेले चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला सांगता येणे आवश्यक होते. उपनिषदे, गीता, संतवाङ्मय, रवींद्रनाथ टागोर आणि टॉलस्टॉय यांचे त्यांचे वाचन पुढेही चालूच राहिले. पण यातले मुलांना काय देता येईल, हा प्रश्न त्यापुढे प्रत्येक पुस्तकासोबत येऊ लागला.

छात्रालय

शाळेच्या वसतिगृहाची, म्हणजे छात्रालयाची जबाबदारी साने यांच्याकडे आली. तेथे खानदेशातील खेड्यापाड्यांतून आलेली मुले राहत. अनेकांची आई-वडिलांपासून दूर राहण्याची ती पहिलीच वेळ असे. साने यांनी देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची भूमिका घेतली नाही. मुलांच्या खोल्या झाडणे, अस्ताव्यस्त पडलेले कपडे धुऊन घडी घालून ठेवणे, कंदिलाच्या काचा पुसणे, आजारी मुलाची शुश्रूषा करणे ही कामे ते स्वतः करीत. उपदेश न करता मुलांना शिस्त लावण्याचा तो त्यांचा मार्ग होता. स्वतःच्या पगारातील बराचसा भाग ते गरजू विद्यार्थ्यांवर खर्च करीत. मुले त्यांना 'गुरुजी' म्हणू लागली आणि पुढे हेच संबोधन साऱ्या महाराष्ट्राने स्वीकारले.

छात्रालयात शाळा सुटल्यानंतरचा वेळ मोठा असे. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर गोष्टी, चरित्रे व कविता सांगण्यात तो जाई. येथे गुरुजींच्या हाती छापील पाठ नसे आणि परीक्षाही नसे. मुलांचे लक्ष उडाले, तर ते त्यांच्या चेहऱ्यावर तत्काळ दिसे. लहान वाक्ये, थेट संबोधन, एका प्रसंगाभोवती फिरणारी मांडणी आणि शेवटी मनात राहील असा भावनेचा ठसा ही त्यांच्या गद्याची पुढे ओळखीची झालेली लक्षणे अशा तोंडी कथनाशी जुळतात.

'छात्रालय' दैनिक आणि 'विद्यार्थी' मासिक

गुरुजींनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. ते स्वतः ते रोज लिहून काढीत आणि मुले ते वाचत. देशातील व जगातील घडामोडी, थोरांच्या आयुष्यातील प्रसंग, सुविचार, कविता, छात्रालयातीलच एखादी घटना आणि तिच्यावरील भाष्य असा मजकूर त्यात असे. एखाद्या मुलाची चूक सर्वांसमोर न सांगता ती सर्वांनाच विचार करायला लावील अशा रीतीने मांडणे, हाही या लेखनाचा एक उपयोग होता.

लेखक म्हणून त्यांच्या घडणीत या दैनिकाचे स्थान मोठे आहे. रोज नवा मजकूर द्यायचा, तर रोज नवे वाचणे भाग होते. त्यामुळे त्यांचे वाचन एका विषयापुरते राहिले नाही. इतिहास, विज्ञान, धर्म, चरित्र, निसर्ग, परदेशांतील चळवळी असे ते सर्व दिशांना पसरले. दुसरीकडे, लिहिलेले पुन्हापुन्हा घासूनपुसून घेण्यास वेळच नसे. वेगाने, एका बैठकीत आणि दुरुस्तीशिवाय लिहिण्याची सवय येथे लागली, ती अखेरपर्यंत राहिली. त्यांच्या लेखनातील ओघ आणि पुनरुक्ती या दोन्ही गोष्टी या सवयीशी निगडित आहेत.

इ.स. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. छात्रालयाच्या भिंतींच्या आत असलेला वाचक आता बाहेरही निर्माण झाला. खादी, स्वावलंबन, अस्पृश्यतानिवारण हे राष्ट्रीय चळवळीतील विषय या मासिकातून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचू लागले. शिक्षकी पेशात असतानाच त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र लिहिले. पुढे ईश्वरचंद्र विद्यासागर आणि देशबंधू दास यांच्यावरही त्यांनी पुस्तके लिहिली. त्यांचे चरित्रलेखन संशोधनासाठी नव्हते. तरुण वाचकासमोर अनुकरणीय आयुष्य ठेवणे हा त्यामागील हेतू होता.

शाळेचा त्याग

इ.स. १९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. ज्या मूल्यांविषयी आपण वर्गात बोलतो त्यांची कसोटी बाहेर लागत असताना नोकरीत राहणे गुरुजींना योग्य वाटले नाही. एप्रिल १९३० च्या अखेरीस त्यांनी शाळा सोडली व ते सत्याग्रहात उतरले. छात्रालयातील मुलांचा निरोप घेणे त्यांना अतिशय जड गेले.

या निर्णयानंतर ते पुन्हा कोणत्याही शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले नाहीत. तरी विद्यार्थी हा वाचक त्यांनी सोडला नाही. शाळा सुटल्यावर समोर बसणारी मुले राहिली नाहीत, म्हणून त्यांच्याशी बोलण्याचे साधन लेखन हेच उरले. त्यांचे बहुतेक सारे प्रसिद्ध साहित्य इ.स. १९३० नंतरचे आहे, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

तुरुंगातील वाचन आणि लेखन

इ.स. १९३० मध्ये अटक झाल्यावर गुरुजींना प्रथम धुळे येथे व नंतर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्रिचनापल्लीत दक्षिणेतील निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही होते. एकाच लढ्यातील ही माणसे एकमेकांची भाषा जाणत नव्हती आणि एकमेकांचे साहित्यही त्यांना ठाऊक नव्हते. तेथे गुरुजींनी इतर भारतीय भाषांचा परिचय करून घेतला आणि तमिळमधील तिरुवळ्ळुवर यांच्या 'कुरल' या नीतिकाव्याचा मराठी अनुवाद केला. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याच्या जागी असलेला माणूस येथे पुन्हा अक्षरओळख करणारा विद्यार्थी झाला. पुढील काळातील त्यांच्या 'आंतरभारती' या कल्पनेचे बीज या अनुभवात आहे.

इ.स. १९३२ साली धुळे तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. ही अठरा प्रवचने साने गुरुजींनी जवळजवळ शब्दशः टिपून घेतली. 'गीताप्रवचने' हा विनोबांचा सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ त्यामुळेच उपलब्ध झाला. ऐकत असतानाच वेगाने आणि सुबोध लिहिण्याची त्यांची तयारी या कामी आली.

'श्यामची आई'

नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. ९ फेब्रुवारी रोजी लेखनास आरंभ होऊन १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते संपले. दिवसा तुरुंगातील काम आणि रात्री लेखन असा क्रम होता. ज्या आईच्या अखेरच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, तिचे ऋण फेडण्याचा तो प्रयत्न होता. पुढे हे लेखन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि मराठीतील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांपैकी एक ठरले.

या पुस्तकाची रचना त्याच्या विषयाइतकीच बोलकी आहे. प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावे असून अशा एकूण ४२ रात्री आहेत. आश्रमातील प्रार्थना आटोपल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, ऐकणारे मध्येच प्रश्न विचारतात आणि एका रात्रीची गोष्ट एका प्रसंगाबरोबर संपते. छात्रालयातील संध्याकाळचीच ही चौकट आहे. समोर मुले नसलेल्या कोठडीत गुरुजींनी श्रोते पुस्तकातच निर्माण केले. प्रत्येक रात्रीची लांबी एका बैठकीत मोठ्याने वाचून दाखवता येईल इतकी आहे. पुस्तक घराघरांत आणि वर्गावर्गांत मोठ्याने वाचले गेले, यामागे हेही एक कारण आहे.

श्यामच्या आयुष्याची पुढील कथा 'श्याम' व 'धडपडणारा श्याम' या पुस्तकांत आली. 'धडपडणारी मुले' या कादंबरीत छात्रालयाचे जीवन आणि ध्येयवादी शिक्षकाभोवती जमलेले विद्यार्थी यांचे चित्रण आहे.

कविता

गुरुजींच्या कवितांचा 'पत्री' हा संग्रह इ.स. १९३५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. देवपूजेत फुलांबरोबर वाहिल्या जाणाऱ्या पानांना पत्री म्हणतात. आपली कविता फुलांच्या योग्यतेची नाही, साध्या पानांसारखी आहे, ही नम्र भावना या नावात आहे. संग्रहातील अनेक कवितांखाली स्थळ व काळ नोंदवलेला असून त्यांत अमळनेरचे छात्रालय आणि त्रिचनापल्ली व नाशिक येथील तुरुंग ही स्थळे वारंवार येतात.

स्थूलमानाने या कवितांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात आत्मनिवेदनपर कविता येतात. स्वतःच्या दोषांची टोचणी, एकटेपण, मृत्यूची ओढ आणि देवाजवळ केलेली विनवणी हे त्यांचे विषय आहेत. दुसऱ्या प्रकारात देशभक्तीची गीते, प्रार्थना आणि मुलांसाठी लिहिलेली गाणी येतात. पहिल्या प्रकारातील कवी निराश व व्याकूळ आहे, तर दुसऱ्या प्रकारातील कवी आशावादी व निःशंक आहे. या दोहोंमधील अंतर शिक्षकाच्या भूमिकेतून समजून घेता येते. मुलांसमोर उभे राहताना मनातील अंधार बाजूला ठेवण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारली होती. त्यामुळे त्यांच्या सामुदायिक गीतांत शंका जवळजवळ नाही. ती त्यांनी स्वतःपुरत्या कवितेसाठी राखून ठेवली.

रचनेच्या दृष्टीने त्यांची गीते सोपी आहेत. चाल सहज लागेल असे वृत्त, आवर्तनाने येणारे ध्रुपद आणि ओळखीचे शब्द यांमुळे ती एकट्याने वाचण्यापेक्षा अनेकांनी मिळून म्हणण्यास अनुकूल ठरली. त्या काळात पुण्यात रविकिरण मंडळाचे कवी सुनीत, गज्जल अशा रचनाप्रकारांचे प्रयोग करीत होते. गुरुजी या प्रयोगांच्या वाटेला गेले नाहीत. भारताच्या बलशाली भविष्याचा संकल्प सांगणारे त्यांचे गीत स्वातंत्र्य चळवळीत अतिशय लोकप्रिय झाले. वाढत्या प्रभावामुळे ब्रिटिश सरकारने 'पत्री'च्या प्रती जप्त केल्या. प्रेम हाच खरा धर्म होय असा आशय असलेली त्यांची प्रार्थना सर्व धर्मांच्या मुलांना एकत्र म्हणता येते. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांमधून आणि शाळांमधून ती पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली.

लोकगीतांचे संकलन

'स्त्रीजीवन' या दोन भागांतील ग्रंथात गुरुजींनी महाराष्ट्रातील स्त्रियांच्या ओव्या संकलित केल्या. जात्यावर दळताना, मुलाला जोजवताना, सणावारी व लग्नकार्यात म्हटल्या जाणाऱ्या या रचनांची त्यांनी विषयवार मांडणी केली व प्रत्येक विषयाला प्रास्ताविक जोडले. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांनी केलेल्या काव्याला त्यांनी साहित्य म्हणून मान दिला. स्वतःच्या आईकडून ऐकलेल्या ओव्यांशी या कामाचा धागा जुळतो.

अनुवाद आणि रूपांतरे

गुरुजींनी अनुवाद व रूपांतर या मार्गाने इंग्रजीतून बरेच साहित्य मराठीत आणले. टॉलस्टॉय यांच्या कलाविषयक ग्रंथाचा 'कला म्हणजे काय?' हा अनुवाद, व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझराब्ल' या कादंबरीवर आधारित 'दुःखी', जॉर्ज इलियट यांच्या 'सायलस मार्नर' या कादंबरीवर आधारित 'मनूबाबा' आणि हेन्री थॉमस यांच्या ग्रंथावरून केलेली 'मानवजातीची कथा' ही त्यांपैकी काही होत. 'इस्लामी संस्कृती' या ग्रंथातून त्यांनी मराठी वाचकाला इस्लामच्या इतिहासाची सहानुभूतीने ओळख करून दिली, तर 'भारतीय संस्कृती' या ग्रंथात अद्वैत, सहिष्णुता, कर्म इत्यादी संकल्पना सामान्य वाचकाला समजतील अशा भाषेत मांडल्या.

या निवडीमागे एक सूत्र दिसते. खेड्यातील ज्या विद्यार्थ्याला इंग्रजी पुस्तक मिळणार नाही आणि मिळाले तरी वाचता येणार नाही, त्याच्यापर्यंत त्यातील सार न्यावे, असा हा प्रयत्न होता. म्हणून मूळ ग्रंथाच्या शैलीशी काटेकोर राहण्यापेक्षा कथा व भाव पोहोचवण्यावर त्यांचा भर राहिला. पात्रांची व स्थळांची नावे मराठी करणे, वर्णने संक्षिप्त करणे आणि प्रसंगी स्वतःचे भाष्य घालणे हे स्वातंत्र्य त्यांनी घेतले. टॉलस्टॉय यांच्या ग्रंथाची निवडही अर्थपूर्ण आहे. कलेने भावना एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोहोचवावी आणि ती साध्या माणसालाही कळावी, ही त्यातील भूमिका छात्रालयातील त्यांच्या अनुभवाशी मिळतीजुळती होती.

सार्वजनिक कार्य

इ.स. १९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेल्या या पहिल्या अधिवेशनासाठी गुरुजींनी गावोगावी प्रचार केला. इ.स. १९३८ मध्ये त्यांनी 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक सुरू केले. खानदेशातील शेतकऱ्यांच्या सारामाफीच्या मागणीसाठी व अमळनेरच्या गिरणी कामगारांसाठी त्यांनी काम केले. इ.स. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भूमिगत राहून कार्य केले व पुढे त्यांना अटक झाली.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले व्हावे, यासाठी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केले. १० मे रोजी ते सुटले व मंदिर सर्वांना खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला. अमळनेरच्या छात्रालयात ज्या समतेचा संस्कार त्यांनी मुलांवर केला, तिच्यासाठी येथे त्यांनी स्वतःचे प्राण पणाला लावले.

'साधना', आंतरभारती आणि अखेरची वर्षे

महात्मा गांधींच्या हत्येने गुरुजी अंतर्बाह्य हादरले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी इ.स. १९४८ मध्ये २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केले. राजकीय व सामाजिक प्रश्नांवरील लेखांबरोबर मुलांसाठीचा मजकूरही ते त्यातून देत. आपल्या पुतणीला उद्देशून लिहिलेली त्यांची पत्रे 'सुंदर पत्रे' या नावाने संग्रहित झाली. फुले, पक्षी, नद्या, वाचलेली पुस्तके, जगातील बातम्या आणि घरगुती आठवणी यांनी ती भरलेली आहेत. इ.स. १९२० च्या दशकातील हस्तलिखित दैनिकात जे चालत असे, तेच या पत्रांत एका मुलीला समोर ठेवून चालू राहिले.

याच काळात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या भाषा शिकाव्या, एकमेकांचे साहित्य आपापल्या भाषेत न्यावे आणि यासाठी एक केंद्र असावे, असे तिचे स्वरूप होते. रवींद्रनाथ टागोर यांच्या विश्वभारतीचा आदर्श त्यांच्यासमोर होता. हे केंद्र त्यांच्या हयातीत उभे राहू शकले नाही.

स्वातंत्र्यानंतरचे जातीय वैर, सत्तेची स्पर्धा आणि विषमता यांमुळे ते अधिकाधिक खिन्न होत गेले. मुलांना दाखवलेले उज्ज्वल भविष्य आणि भोवतालचे वास्तव यांतील अंतर त्यांना असह्य वाटू लागले. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःहून जीवनयात्रा संपवली. मृत्यूसमयी ते ५० वर्षांचे होते.

मूल्यमापन

साने गुरुजींची ग्रंथसंपदा ७० हून अधिक पुस्तकांची आहे. मराठी समीक्षेत तिच्याविषयी दोन भिन्न मते आढळतात. अतिरिक्त भावविवशता, अश्रूंचा वारंवार वापर, माणसांची सज्जन व दुर्जन अशी सरळ विभागणी, कलात्मक संयमाचा अभाव आणि पसरट मांडणी हे दोष एका मतानुसार त्यांच्या लेखनात आहेत. दुसऱ्या मतानुसार त्यांच्या साहित्याचे मोजमाप केवळ सौंदर्यवादी कसोट्यांवर करणे अपुरे आहे. मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना वाचनाची पहिली गोडी त्यांच्या पुस्तकांनी लावली आणि करुणा हे मूल्य साहित्याच्या केंद्रस्थानी आणले, असे हे मत मांडणारे म्हणतात.

ही दोन्ही मते एकाच वस्तुस्थितीकडे निर्देश करतात. गुरुजी मुख्यतः एका विशिष्ट वाचकासाठी लिहीत होते. तो कोवळ्या वयाचा, बहुधा गरीब, घरापासून दूर आणि आधाराच्या शोधात असलेला होता. त्याच्यासाठी भाषा सोपी झाली, भावना उघड झाली आणि शंका दूर ठेवली गेली. यातून कवी म्हणून त्यांनी काही गमावले, हे 'पत्री'तील आत्मनिवेदनपर कविता व त्यांची सामुदायिक गीते शेजारी ठेवली असता जाणवते. मात्र त्याच निवडीमुळे त्यांची प्रार्थना आणि 'श्यामची आई' साहित्याच्या नेहमीच्या वाचकवर्गापलीकडे पोहोचली.

वारसा

आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' या पुस्तकावर इ.स. १९५३ मध्ये त्याच नावाचा चित्रपट काढला. सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटास मिळाले. त्यात वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. प्रकाशभाई मोहाडीकर यांनी गुरुजींच्या स्मरणार्थ साने गुरुजी कथामाला सुरू केली. मुलांना एकत्र बसवून गोष्टी सांगण्याचा हा उपक्रम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रुजला. 'साधना' साप्ताहिक पुण्याहून आजही प्रसिद्ध होते. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात वडघर येथे साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक उभारण्यात आले असून तेथे विद्यार्थी व युवकांची शिबिरे होतात.